तळाशी जाऊन पाहिलेलं

आजच्या गोष्टीत एक बुडालेलं जहाज आहे आणि ते बघायला समुद्राच्या तळाशी उतरलेली एक बाई आहे. गोष्ट इंग्लंडमधली आहे, पण जिच्या हातात गटाची वही आहे तिला ती लांबची वाटणार नाही, असं मला वाटतं.

आधी खोलीचा अंदाज घेऊ. आपल्याकडची जुनी बांधीव विहीर चाळीस-पंचेचाळीस फूट तरी असते. हे जहाज साधारण तेवढ्याच पाण्याखाली होतं आणि किनाऱ्यापासूनही फार दूर नव्हतं. तरी ते तिथे 437 वर्षं पडून राहिलं. त्या जहाजाचं नाव 'मेरी रोज'.

काळ कोणता, तर 1545 साल. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून 85 वर्षं होती. आपल्याकडे निजामशाही आणि आदिलशाही होती, गोव्यात पोर्तुगीज बसले होते. इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री राजा होता. 'मेरी रोज' हे त्याच्या आवडत्या लढाऊ जहाजांपैकी एक. ते 1511 मध्ये पाण्यात उतरलं आणि 34 वर्षं चाललं. 1545 च्या जुलैत फ्रान्सचं मोठं आरमार चालून आलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ नावाचं बंदर आहे. त्याच्या समोरच्या समुद्रपट्टीला सोलेंट म्हणतात. तिथे लढाई जुंपली.

19 जुलैला राजा साउथसीच्या किल्ल्यावरून लढाई बघत होता. त्याच्या डोळ्यांदेखत 'मेरी रोज' एका बाजूला कलली, पाणी आत शिरलं आणि थोड्याच वेळात जहाज तळाला गेलं. जहाजावर साधारण पाचशे माणसं होती. शत्रूने उडी मारून वर चढू नये म्हणून डेकवर जाळं ताणलेलं होतं. त्या जाळ्याने आपल्याच माणसांना कोंडलं. वाचले ते पस्तीससुद्धा नसतील. जहाजावरचे मोठे अधिकारी सर जॉर्ज केर्यू हेही बुडाले. त्यांची बायको किनाऱ्यावर राजाजवळ होती. नवऱ्याचं जहाज बुडताना पाहून ती शुद्ध हरपून पडली, असं जुन्या लिखाणात आहे. बाकीच्या चारशे-साडेचारशे घरांत ती बातमी कधी आणि कशी पोहोचली, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

जहाज बुडालं कशामुळे? फ्रान्सचे लोक म्हणाले, आमच्या तोफांनी बुडवलं. वाचलेल्यांपैकी एका खलाशाने परदेशी वकिलाला वेगळं सांगितलं. तो म्हणाला, तोफा डागण्यासाठीच्या खालच्या खिडक्या उघड्या होत्या. वळताना वारा भरला, जहाज कललं आणि त्या खिडक्यांतून पाणी शिरलं. आजही अभ्यासक त्याच्या बोलण्याला मोठं वजन देतात, कारण तो जहाजावर होता.

आज आपण हाच धागा धरून बोलणार आहोत. प्रत्यक्ष पाहिलं कुणी? आणि पाहणाऱ्याचा शब्द धरला कुणी?

जहाज बुडाल्यावर लगेच राजाने ते वर काढायचा हुकूम दिला. व्हेनिसची माणसं कामाला लावली. दोर बांधले, दोन मोठी जहाजं दोन बाजूंना लावली, पण जहाज हललं नाही. मग निदान तोफा तरी काढाव्यात असं ठरलं, कारण पितळी तोफा फार महाग. 1547 च्या सुमाराला त्या कामावर जॅक फ्रान्सिस नावाचा पाणबुड्या होता. वय विशीच्या आसपास, मूळचा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. तेव्हा सिलिंडर नाही, मुखवटा नाही. छातीत श्वास भरायचा आणि उतरायचं. गार पाण्यात, गढूळ अंधारात, जेवढा श्वास तेवढंच काम.

पुढे त्याच्या मालकावर दुसऱ्या एका बुडालेल्या जहाजातला माल चोरल्याचा आरोप झाला. 1548 मध्ये खटल्यात जॅक फ्रान्सिसची साक्ष झाली. तेव्हा विरुद्ध बाजूचे लोक म्हणाले, हा गुलाम आहे, परधर्मी आहे, याच्या शब्दाला किंमत देऊ नका. विचार करा. पाण्याखाली काय आहे ते त्या दरबारात ज्यांना डोळ्यांनी पाहून ठाऊक होतं, त्यांच्यापैकी तो एक होता, आणि त्यालाच गप्प बसवायचा प्रयत्न झाला. पण कोर्टाने त्याचं म्हणणं लिहून घेतलं. ते कागद टिकले म्हणून आज आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. इंग्लंडच्या कोर्टात साक्ष दिलेला पहिला ज्ञात आफ्रिकी माणूस तो.

त्यानंतर जहाज विस्मरणात गेलं. समुद्राने मात्र त्याची सोय लावली. जहाज उजव्या कुशीवर पडलं होतं. ती बाजू हळूहळू मऊ गाळात रुतली. गाळात हवा शिरत नाही. लाकूड पोखरणारी समुद्री अळी तिथे जगत नाही. त्यामुळे गाळाखालची बाजू टिकली आणि गाळाबाहेरची डावी बाजू कुजून, अळीने खाऊन संपली.

1836 मध्ये तिथल्या मच्छीमारांची जाळी समुद्रात कशाला तरी अडकायला लागली. जाळी फाटतात म्हणून त्यांना ती जागा पक्की ठाऊक होती. त्यांच्या सांगण्यावरून जॉन आणि चार्ल्स डीन हे भाऊ तिथे उतरले. डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण घालून वरून नळीने हवा घ्यायची पद्धत या डीन बंधूंनीच पुढे आणली होती. त्यांनी तोफा काढल्या, धनुष्यं काढली, काही वस्तू लिलावात विकल्या. गाळ उडवायला स्फोटकंही वापरली. 1840 नंतर ते निघून गेले आणि जागा पुन्हा विसरली गेली. वस्तू वर आल्या, पण कुठली वस्तू कुठे होती, कशाशेजारी होती, ते हातातून गेलं.

मग 1965 साली अलेक्झांडर मकी नावाच्या एका लेखकाने हौशी पाणबुड्यांना सोबत घेऊन शोध सुरू केला. सरकारी योजना नव्हती, मोठा पैसा नव्हता. सुट्टीच्या दिवशी यायचं आणि पाण्यात उतरायचं. 1966 मध्ये त्यांना 1841 चा एक नकाशा मिळाला, त्यावर जहाजाची जागा दाखवलेली होती. 1967 मध्ये आवाजाच्या लाटा सोडून तळ तपासणाऱ्या यंत्राने गाळाखाली काहीतरी मोठं असल्याचं दाखवलं. चोरांनी येऊन लुटू नये म्हणून या मंडळींनी समुद्राच्या तळाचा तेवढा तुकडा चक्क भाड्याने घेतला. भाडं होतं वर्षाला एक पौंड. 5 मे 1971 रोजी पर्सी अकलँड या पाणबुड्याला तळावर जहाजाच्या लाकडी फासळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या.

आता येते आपली बाई. तिचं नाव मार्गारेट रूल. जन्म 1928 चा. पुरातत्त्वाचं काम करायची, म्हणजे जमीन खणून जुन्या वस्तूंवरून इतिहास लावायचा. फिशबोर्न इथे सापडलेल्या रोमन काळातल्या वाड्याच्या कामात तिचा मोठा वाटा होता. 'मेरी रोज'च्या शोधातही ती आधीपासून होती, पण पाण्याबाहेर. पाणबुडे खाली जायचे, वर येऊन सांगायचे, ही होडीत बसून ऐकायची. सांगणारे खोटं बोलत नव्हते. पण प्रत्येकाला दिसायचं हातभर. एक म्हणायचा फळी आहे, दुसरा म्हणायचा तुळई आहे. त्या ऐकीव गोष्टी जोडून तिने जहाजाचं चित्र लावायचं आणि कुठे खणायचं, कुठे नाही, हा निर्णयही घ्यायचा.

लाकडं दिसली तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. तिने ठरवलं, मीच खाली जाऊन बघणार. आणि ती पाण्यात उतरायला शिकली.

हे शिकणं काय असतं ते सांगते. आपल्याकडे मालवणला पर्यटकांना घेऊन जातात ते स्कूबा डायव्हिंग तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. निळं कोमट पाणी आणि रंगीत मासे. सोलेंट तसं नाही. हिवाळ्यात तिथलं पाणी दहा अंशांच्याही खाली जातं, म्हणजे फ्रिजमधल्या बाटलीच्या जवळपास. उन्हाळ्यातही त्याला कोमट म्हणता येत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेतं. म्हणून जाड रबरी पोशाख घालावा लागतो. पोशाखाच्या आत पाण्याचा पातळ थर शिरतो, तो अंगाने गरम होतो आणि तीच ऊब पुरवायची. तरी बोटं बधिर होतात, आणि काम तर बोटांचंच. पाठीवर हवेचं सिलिंडर, कमरेला शिशाचे वजनी तुकडे, तोंडात हवेची नळी. चाळीस-पंचेचाळीस फुटांवर पाण्याचा दाब इतका की एका श्वासाला वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त हवा लागते. वर येताना श्वास रोखायचा नाही. रोखला तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. भरतीओहोटीची ओढ वेगळी. गाळ ढवळला गेला की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

हा खेळ नव्हता. 1980 मध्ये या कामावरच्या एका स्वयंसेवक तरुणीचा पाण्यात उतरलेली असताना मृत्यू झाला. इतिहासाची किंमत कुणीतरी अशीही मोजलेली असते, म्हणून हे सांगायलाच हवं.

1974 मध्ये जहाजाच्या जागेला कायद्याचं संरक्षण मिळालं. 1979 मध्ये 'मेरी रोज ट्रस्ट' उभा राहिला आणि उत्खननाची सूत्रं मार्गारेट रूल यांच्या हाती आली. पुढच्या चार वर्षांत पाचशेहून जास्त स्वयंसेवक पाणबुड्यांनी मिळून जवळपास 28,000 डुबक्या घेतल्या. त्यात बायकाही होत्या. डीन बंधूंच्या वेळचं आणि या वेळचं काम यात मोठा फरक पडला, आणि हा फरक वहीचा होता.

तळावर चौकोन आखले. गाळ खरवडायला हात, छोटी थापी आणि रंगाचे ब्रश वापरले. सुटलेला गाळ हवेच्या नळाने खेचून बाजूला टाकला. वस्तू दिसली की लगेच उचलायची नाही. आधी ठरलेल्या खुणांपासून टेपने अंतर मोजायचं, पाण्याखाली चालणाऱ्या कागदावर पेन्सिलने लिहायचं, चित्र काढायचं आणि मगच उचलायची. वर आल्यावर अंग कितीही काकडलेलं असो, प्रत्येकाने आपल्या डुबकीची नोंद लिहायची. काय पाहिलं, कुठे पाहिलं, काय कळलं नाही, सगळं.

अशा 19,000 च्या वर वस्तू निघाल्या. त्यात तोफा होत्या, लाकडी पेट्यांत भरलेली धनुष्यं होती, हजारो बाण होते. एका खोलीत वैद्याची पेटी मिळाली, साठाहून जास्त वस्तूंची. पेटी त्या खोलीत होती म्हणून खोली वैद्याची हे कळलं. सुताराच्या खोलीजवळ हत्यारं आणि एका लहान कुत्र्याचा सांगाडा मिळाला. उंदीर मारायला पाळलेलं असावं बिचारं.

मला सगळ्यात जवळच्या वाटल्या त्या फण्या. हो, लिखा काढायच्या बारीक दातांच्या फण्या, लाकडाच्या. जहाजावर अशा 80 च्या वर निघाल्या आणि काहींच्या दातांत चारशे वर्षांपूर्वीच्या उवा तशाच अडकलेल्या होत्या. राजाच्या आरमाराची कितीही कौतुकं लिहिलेली असोत, त्या आरमारातल्या माणसाचं डोकं खाजत होतं हे फणीने सांगितलं.

दुसरी गोष्ट भांड्यांची. लाकडी वाडगे, चमचे, ताटल्या. त्यांतल्या कितीतरी भांड्यांवर चाकूने खुणा कोरलेल्या होत्या. कुठे रेघा, कुठे फुली. बहुतेकांना लिहिता येत नसणार. पण माझा वाडगा तो माझा, हे तर सांगायला हवं ना? आपण लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेतो, त्यातलीच ही रीत. त्या पाचशे माणसांची नावं कागदावर जवळजवळ नाहीतच. सरदारांची आहेत. बाकीच्यांची सही म्हणजे वाडग्यावरची ती फुली.

आणि मिरीचे दाणेही सापडले. त्या काळी युरोपात जाणारी बरीचशी मिरी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची, मलबारची. कुणाच्या तरी वाडीत वेचलेली, वाळवलेली मिरी इतका प्रवास करून त्या थंड गाळात जाऊन पडली होती.

किमान 179 माणसांची हाडंही मिळाली. त्यावरून त्यांचं वय, दुखणी, ओझ्याने झिजलेले मणके कळले. बहुतेक जण तरुण होते, काही तर अजून मिसरूडही न फुटलेले.

11 ऑक्टोबर 1982 रोजी जहाजाचा उरलेला भाग वर काढला. पोलादी चौकट, तारा, प्रचंड क्रेन. साधारण सहा कोटी लोक टीव्हीवर बघत होते. लाकडं पाण्याबाहेर आली आणि अचानक चौकटीचा एक आधार सुटला, चौकट धाडकन घसरली. सगळ्यांचा श्वास अडकला. पण जहाज वाचलं.

खरं काम मात्र त्यानंतर सुरू झालं. चारशे वर्षं भिजलेलं लाकूड एकदम वाळलं तर आक्रसतं आणि तडकतं. म्हणून त्याच्यावर आधी वर्षानुवर्षं गार पाण्याचे फवारे मारले. 1994 पासून मेणासारखं रसायन फवारलं, ते 2013 पर्यंत. मग हळूहळू वाळवलं, ते 2016 पर्यंत. म्हणजे जहाज जितकी वर्षं समुद्रावर चाललं तितकीच, 34 वर्षं, ते टिकवायला लागली. वर काढताना टाळ्या वाजल्या. पुढची 34 वर्षं ज्यांनी रोज नळ आणि पंप तपासले, त्यांच्यासाठी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आज पोर्ट्समथला ते जहाज संग्रहालयात उभं आहे. मार्गारेट रूल 2015 मध्ये गेल्या.

आपल्या किनाऱ्यालाही असा इतिहास पाण्याखाली आहे. गोव्याजवळ सुंची नावाच्या खडकांपाशी पोर्तुगीज काळातल्या एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी पाण्याखाली उतरून ते तपासले. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत असं बरंच काही त्यांना मिळालं. कोकणातल्या आपल्या कुणा बहिणीच्या घरच्या जाळ्यात जुनं मडकं, लोखंडाचा जड तुकडा असं काही आलं तर ते भंगारात देऊ नका. कुठे मिळालं ती जागा लिहून ठेवा आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. मच्छीमारांच्या फाटलेल्या जाळ्यांनी 1836 मध्ये काय सांगितलं ते आत्ताच ऐकलंत.

आता थोडं आपल्या गटाबद्दल. मी दहा-बारा गटांच्या बैठकांना जाते. बहुतेक ठिकाणी अध्यक्ष बाई म्हणतात, बँकेचं सगळं सचिव बघते, मी सही करते. सचिव म्हणते, लिहायचं काम अमकीच्या मुलीचं, मी वाचून घेते. यात कुणी लबाड असतं असं नाही. पण सही आपली आणि बघणारे डोळे दुसऱ्याचे असले, की ती होडीत बसून ऐकणं झालं. मार्गारेट रूल यांना कुणी फसवत नव्हतं. तरी त्या उतरल्या, कारण निर्णय त्यांचा होता.

दुसरं, पाहिलेलं लिहिलं नाही तर ते पाहिलेलंही जातं. जॅक फ्रान्सिस आपल्यापर्यंत पोहोचला तो कोर्टाच्या कागदामुळे. डीन बंधूंनी किती काय पाहिलं असेल, पण कुठली वस्तू कुठे होती ते त्यांच्याबरोबरच गेलं. आणि तिसरं, बैठकीत कोपऱ्यात बसलेली, अंगठा लावणारी बाई काही सांगायला लागली, तर तिला शिक्षण किती हे आधी विचारू नका. तिने काय पाहिलं ते विचारा आणि ते इतिवृत्तात तिच्या नावाने लिहा.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटाचं पासबुक आणि कर्जाची वही प्रत्येकीच्या हातातून फिरू द्या. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने आकडा बोटाने दाखवावा. आणि तुमच्या गावातली एखादी जुनी गोष्ट, विहिरीची, दुष्काळाची, बुडालेल्या बांधाची, जिने डोळ्यांनी पाहिली अशा एका आजीकडून ऐकून, तिचं नाव, साल आणि ठिकाण घालून लिहून आणा. पुढच्या वेळी त्यांतल्या काही आपण इथेच रेडिओवर वाचू.

तोवर नमस्कार.